रजिस्टरमध्ये सांताची एन्ट्री नाही

मुलगी हॉलमध्ये बसत नाही, एवढीच तक्रार होती.

जानेवारीचा दुसरा आठवडा. संक्रांत दोन दिवसांवर आलेली. माझ्या खोलीच्या वरच्या गच्चीवरून "ओ काट"च्या आरोळ्या येत होत्या आणि समोर बसलेल्या आईला त्या गलक्यात धड बोलताही येत नव्हतं. वडील खिडकीकडे बघत होते. मुलीला त्या दिवशी आणलंच नव्हतं.

मुलीला इथे इरा म्हणते. वय सात, दुसरीत. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला घरच्यांची हरकत नाही. आजोबांनी तर मसुदा मागवून घेतला आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून परत पाठवला.) घर नागपुरात, त्रिमूर्तीनगरच्या बाजूला, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई बँकेत. वडील बुटीबोरीला एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी. घरात आजी आणि आबाजी. आबाजी निवृत्त शिक्षक, विज्ञानाचे, वय 72.

डिसेंबरच्या मध्यापासून इरा हॉल टाळायला लागली होती. अभ्यास स्वयंपाकघरात, सिलिंडरजवळ पाट टाकून. बेडरूममधून दाराकडे जायचं तर भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखी तिरपी. कपडे बदलायचे ते बाथरूममध्ये, लाइट बंद करून. मधल्या काळात दोनदा अंथरूण ओलं झालं होतं, जे तीन वर्षांत कधी झालं नव्हतं.

"कपडे अंधारात बदलते" हे ऐकल्यावर मुलांच्या समुपदेशनाच्या कामातल्या कुणाच्याही मनात जी पहिली शंका येते, ती माझ्या मनात आली. आईवडिलांच्या मनात ती आधीच येऊन बसली होती, म्हणूनच तर ते आले होते आणि एकमेकांकडे न बघता बोलत होते. ती शंका आधी नीट तपासली. त्यात दोन आठवडे गेले, ते जायलाच हवे होते. तसं काही नव्हतं.

मग होतं काय, ते तिच्या तिसऱ्या भेटीत कळलं. माझ्याकडे लाकडी ठोकळे आहेत, बुटांच्या खोक्यांचं एक घर आहे आणि बोटाएवढ्या बाहुल्या आहेत. इराने घर मांडलं: खाटा, गॅस, टीव्ही, सगळं जागच्या जागी. मग मुलीची बाहुली घेतली आणि कपाटाच्या मागे, खोक्याच्या कोपऱ्यात उलटी उभी केली. तोंड भिंतीकडे.

"ही इथे का उभी?"

"इथून ती दिसत नाही."

"कुणाला?"

तिने वर माझ्या खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं, मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग माझ्या कानाशी येऊन, जवळजवळ श्वासानेच म्हणाली, "सांताला."

*

पुढचं आईवडिलांकडून काढून घ्यावं लागलं, आणि ते सांगताना वडिलांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

ऑक्टोबरमध्ये आबाजी हॉलमध्ये पाय घसरून पडले. दोघंही नोकरीवर, घरात दोन म्हातारी माणसं आणि शाळेतून आलेली लेक. म्हणून हॉलमध्ये, टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात, एक छोटा वायफाय कॅमेरा बसवला. फोनवर दिसतो, आणि फोनवरून बोललेलं त्यातून ऐकूही येतं. कॅमेऱ्यावर एक निळा दिवा, रात्रभर सुरू.

डिसेंबर लागला तसा इराच्या वर्गात सांता सुरू झाला. शाळेतून लाल कपड्यांचं पत्रक आलं. इराने पत्र लिहिलं, टेलिस्कोप मागितला. इथवर सगळ्या घरांसारखंच. पण इरा जेवायला त्रास देणारी, दूध तासभर पुढे ठेवून बसणारी. एका संध्याकाळी वैतागून वडील म्हणाले, "सांता बघतो हं त्या कॅमेऱ्यातून. लिस्टमधून नाव कटेल." पोरीने दूध एका दमात संपवलं.

औषध लागू पडलं की माणूस डोस वाढवतो. भेंडी खाल्ली गेली. बूट रॅकमध्ये जायला लागले. आणि मग एका दुपारी, बुटीबोरीला चहाच्या सुटीत, वडिलांनी फोन उघडला. इरा सोफ्यावर पाय टाकून बसलेली दिसली. ते आवाज जाड करून बोलले, "हो हो हो! इरा! होमवर्क!"

हॉलच्या भिंतीतून सांता बोलला.

आजी म्हणाल्या, "माझ्या हातची परात पडली बाप्पा. मला काय ठाव, कोण बोलून राहिलं!"

असं तीन-चार वेळा झालं. 25 तारखेला सकाळी उशाशी टेलिस्कोप. आनंद, फोटो, मामाला व्हिडिओ कॉल. वडिलांच्या लेखी खेळ त्या दिवशी संपला. पण कॅमेरा तिथेच होता आणि निळा दिवाही सुरू होता. सांता गेला हे इराला कुणी सांगितलंच नव्हतं. उलट टेलिस्कोप आला म्हणजे त्याने बघितलं होतं, सगळं बघितलं होतं, हे पक्कं झालं. नाकात बोट घातलेलं, फ्रॉक बदललेला, आजीच्या डब्यातला लाडू चोरलेला, सगळं.

अमेरिकेत 1955 पासून उलटा खेळ चालतो. कोलोराडोतल्या हवाई संरक्षणाच्या लष्करी केंद्रात वर्तमानपत्रातली जाहिरात बघून सांताला लावलेला एका मुलाचा फोन चुकून आला, आणि तिथल्या कर्नलने रडारवर सांता कुठे पोचला ते सांगायची प्रथा पाडली. आजही दर 24 डिसेंबरला ते सांगतात. तिथे मुलं सांतावर नजर ठेवतात. इथे सांता पोरीवर नजर ठेवून होता, तोही चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात.

*

घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवलं, इराला सोडून. ही बैठक ठरल्यापेक्षा दुप्पट लांबली आणि यातली बरीच शिकवण माझ्याच पदरात पडली.

आबाजी आले ते लढायच्या तयारीनेच. ऐंशीच्या दशकापासून ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात. शाळाशाळांतून हातचलाखीचे "चमत्कार" करून दाखवणारे. 2013 मध्ये ऑगस्टच्या 20 तारखेला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्या दिवसाची वर्तमानपत्रं आबाजींनी जपून ठेवली आहेत.

"मी जिंदगीभर बुवाबाजीविरुद्ध बोललो," ते म्हणाले, "अन् माझ्याच घरात भिंतीतून बुवा बोलून राहिला. तोही लाल टोपी घालून, माझ्या नातीला टोपी घालून राहिला." मग संविधानाचं कलम 51 अ आलं, वैज्ञानिक दृष्टिकोनाचं कर्तव्य, 1976 ची 42 वी दुरुस्ती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आजच्या आज पोरीला सांगा, सांता नसतो. विषय संपला.

आबाजींचा मुलगा मान खाली घालून बसला होता. आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "अन् तुमचा पोलीस?"

"कोणता पोलीस?"

"याच्या लहानपणचा. जेवला नाही तं पोलीस धरून नेते म्हणून कोण सांगे? हा पोट्टा खाकी कपडा पाहिला की पलंगाखाली जाये."

"पोलीस खरा असतो," आबाजी म्हणाले.

"येत कुठं होता पण?"

आबाजींनी चष्मा काढून पुसला. मुलगा पहिल्यांदा हसला. ती युक्ती त्याला कुठून सुचली, हे त्या क्षणी त्यालाही कळलं असावं. बागुलबुवा, पोलीस, झोळीवाला, देव बघतो, आणि आता कॅमेऱ्यातला सांता: विश्वास ठेवणारं घर असो की न ठेवणारं, पोराच्या घशाखाली घास उतरवायला सगळी घरं याच दारातून जातात.

इराच्या आत्यांचा फोनवरून वेगळाच मुद्दा होता: ही बाहेरची थेरं आपल्याकडे कशाला? यावर मी फार वेळ घालवला नाही. स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले, त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून उभं आहे, शहरातल्या सदर भागात पिढ्यान्‌पिढ्या नाताळ होतो. सण या शहराला नवा नाही. सदरमध्येच राहणाऱ्या माझ्या एका ख्रिस्ती सहकारी मैत्रिणीला मी हे प्रकरण नाव न घेता सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे 24 च्या रात्री चर्च, घरी केक न् करंज्या. सांता पोरांना हसवायला येतो, हिशोब घ्यायला नाही." तिच्या मते नाताळ येशूच्या जन्माचा, सांता त्यातला पाहुणा. पाहुणाच घराचा मालक होऊन बसला तो आमच्यासारख्यांच्या घरात, कारण आमच्याकडे बाकीचा सण नव्हताच.

बैठकीत सगळ्यात कमी बोलली ती आई. शेवटी बोलली तेव्हा तिचा आवाज चढला. "सगळ्या वर्गाकडे सांता येतो आणि माझ्याच पोरीकडे नाही, असं कसं करू? मला लहानपणी असं काहीच मिळालं नाही."

"काहीच नाही?" मी विचारलं.

ती महाल या जुन्या नागपूरच्या भागात वाढलेली. थोडं थांबून म्हणाली, तान्हा पोळा होता. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो, त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघतात. हिचा बैल तिच्या आजोबांनी सुताराकडून करून घेतलेला, एक शिंग तुटकं. चाकाची दोरी धरून ती गल्लीभर फिरायची, फ्रॉकच्या खिशात चिल्लर खुळखुळायची.

"तुला तो बैल खरा वाटायचा?"

"नाही हो. लाकडाचाच तर होता." मग जरा वेळाने, "पण पाय धुतले होते मी त्याचे. कोमट पाण्याने."

या प्रकरणात मला जे म्हणायचं आहे ते त्या कोमट पाण्यात आहे. खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना मनापासून खेळायचा खेळ मुलांना छान कळतो. बाहुलीला ताप येतो, लाकडी बैल दमतो. त्यात कुणी कुणाला फसवत नाही. सांताही असा खेळता येतो. गोष्ट सांगा, टोपी घाला, मोजा टांगा. पण ज्या दिवशी मोठी माणसं खेळातून बाहेर पडून पुरावे तयार करायला लागतात, आवाज काढतात, आणि त्या पुराव्यावर पोरीकडून दूध वसूल करतात, त्या दिवशी खेळणारी एकटी उरते. बाकी सगळे तिच्यावर प्रयोग करत असतात.

*

आबाजींना हे पटलं नाही. "याला आधार काय?" त्यांनी विचारलं. विचारायलाच हवं होतं. पुढच्या भेटीला मी त्यांना काही कागद दिले आणि ते पेन्सिलीच्या खुणांसकट परत आले.

सांताच्या इतिहासाबद्दल त्यांना फार आक्षेप नव्हता, उलट गंमत वाटली. चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. डच लोकांचा सिंटरक्लास, ज्याच्याकडे मुलांच्या बऱ्यावाईट वागणुकीची मोठी वही असते. म्हणजे लिस्ट काही अमेरिकन दुकानदारांनी काढलेली नाही. 1823 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापलेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअरांची गाडी दिली, 1863 पासून थॉमस नास्टच्या चित्रांनी अंगापिंडाने भरवलं, आणि 1931 पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी जगभर पोचवलं. "म्हणजे दीडदोनशे वर्षांत चारपाच लोकांनी मिळून बनवला," आबाजी म्हणाले. "आपले बाबा एकटेच बनतात."

पेन्सिल चालली ती अभ्यासांवर. 1994 साली अँडरसन आणि प्रेंटिस यांनी सांतावरचा विश्वास सुटलेल्या 52 मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून पाहिलं. बहुतेक मुलांना सुमारे सातव्या वर्षी आपलं आपणच कळलं होतं, आणि मुलांच्या प्रतिक्रिया एकंदरीत चांगल्याच होत्या. वाईट वाटलं होतं ते जास्त करून पालकांना. समासात आबाजींनी लिहिलं होतं: "52 फार कमी. सगळी अमेरिकन." बरोबर आहे. 2016 मध्ये लॅन्सेट सायकिएट्री या वैद्यकीय नियतकालिकात बॉयल आणि मॅके या दोघांनी उलट बाजू मांडली होती, की इतकं मोठं खोटं उघडं पडलं तर आईवडिलांच्या बाकी शब्दांचं काय? तिथे आबाजींची दुहेरी रेघ. मग मीच दाखवलं की तो त्यांचा युक्तिवाद आहे, मुलांवर केलेली पाहणी नव्हे. रेघ खोडली नाही, पण शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

माझ्या कामाला सगळ्यात जवळचा निघाला तो टेक्सासमधल्या कँडिस मिल्स आणि सहकाऱ्यांचा 2024 मधला अभ्यास, 48 मुलं आणि 383 मोठी माणसं. वाईट वाटलेले त्यातही होते, पण बऱ्याच जणांचं ते लवकर विरलं. मोठ्यांच्या आठवणींत जास्त लागलं होतं ते वय वाढल्यावर, अचानक, कुणीतरी थेट तोंडावर सांगून कळलेल्यांना, आणि ज्यांच्या आईवडिलांनी सांताचं प्रकरण फार रंगवलं होतं त्यांना. "म्हणजे मी आजच्या आज सांगा म्हणत होतो, ते चूक?" आबाजींनी विचारलं.

मी म्हटलं, चूक नाही, पण तिने अजून विचारलेलं नाही. तिला आज भीती आहे ती कॅमेऱ्याची. ती आज काढू. सांता आहे का, हे ती विचारेल तेव्हा सरळ सांगू.

"हे अर्धंच खरं झालं," ते म्हणाले. यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही.

त्याच कागदांत न्यूयॉर्कच्या 'द सन' या वर्तमानपत्राचीही हकिगत होती. आठ वर्षांच्या व्हर्जिनियाने विचारलं, सांताक्लॉज आहे का, मला खरं सांगा. आणि 21 सप्टेंबर 1897 च्या अग्रलेखाने तिला हो, आहे म्हणून सांगितलं, माया आणि औदार्य आहे तसाच तोही आहे असं म्हणत. लोक आजही तो अग्रलेख डोळे पुसत वाचतात. आबाजींचा शेरा एका ओळीचा: "प्रश्न सरळ, उत्तर फिरवलेलं." मला तो अग्रलेख आवडतो, तरी शेरा खोडता आला नाही.

*

कॅमेरा काढायचं काम वडिलांनी केलं, इराच्या समोर. हा माझा आग्रह होता. आधी तिला फोन दिला आणि म्हणाले, तू बघ, मी हॉलमध्ये जातो. तिने फोनच्या पडद्यावर बाबा बघितले, टीव्हीसमोर उभे राहून हात हलवणारे. मग तिने हात हलवला, बाबांना दिसला नाही. मग जागा बदलली. मग ते तिच्याजवळ बसून म्हणाले, "यातून मी बघत होतो. सांता नाही. तो आवाज माझा होता. मी खोटं बोललो, भेंडी खावी म्हणून."

इराने विचारलं, "मी लाडू घेतला तेपण?"

"नाही, ते मला नाही दिसलं."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो आवाज परत काढ." त्यांनी काढला. तिने दोन्ही हातांनी त्यांच्या गालावर फटके मारले, हसत हसत, पण जोरात. वडील म्हणाले, मॅडम, खरंच लागलं. मी म्हटलं, लागू द्या.

कॅमेरा मुख्य दाराबाहेर गेला. दहाबारा दिवसांत पाट स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला, आधी दाराजवळ, मग पंख्याखाली. अंथरुणाचा त्रास थांबला. बाथरूमचा लाइट लागायला मात्र मार्च उजाडला.

*

सरळ प्रश्न फेब्रुवारीच्या शेवटी आला, आणि इथे माझा सल्ला सपशेल फसला. मी आईला सांगून ठेवलं होतं, की विचारलं तर आधी "तुला काय वाटतं?" असं विचार, म्हणजे ती कुठवर आली आहे ते कळेल. पुस्तकी सल्ला. आईने तसं विचारलं. इरा म्हणाली, "मी विचारलं ना आधी. तू सांग."

आई अडखळली, म्हणाली, उद्या सांगते. इराने वाट पाहिली नाही. ती आबाजींकडे गेली.

आबाजींनी आम्हाला शब्द दिला होता की ते आपणहून सांगणार नाहीत. त्यांनी तो पाळला, आपल्या पद्धतीने. म्हणाले, "मी सांगणार नाही. पण शोधायचं कसं ते सांगतो. घरात कोणी आलं तर कुठं कुठं कळते?" इराने यादी केली, वहीच्या मागच्या पानावर. दार. बेल. बाहेरचा कॅमेरा (तेव्हा नव्हता, म्हणून खोडलं). लिफ्ट. आणि खाली गार्डकाकांचं रजिस्टर.

आजोबा-नात खाली गेले. सोसायटीचं रजिस्टर म्हणजे लांबडी वही, दोरीला बांधलेलं पेन, नाव, फ्लॅट नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. गार्डने पानं मागे नेली. 24 डिसेंबरची रात्र. त्यांच्या विंगेत दोन एन्ट्री: साडेआठला पार्सलवाला मुलगा, दहा वाजता 302 कडचे पाहुणे. त्यानंतर एकदम 25 ची सकाळ, दूधवाला.

"काका, रात्री कोणी लाल कपड्याचा?"

"नाही बेटा. एन्ट्रीशिवाय मी कोणालाच सोडत नाही." मग हसून म्हणाले, "माझ्या पोराकडं तं कधीच नाही आला तो."

हे दुसरं वाक्य इरा वर घेऊन आली, पहिल्याइतकंच घट्ट धरून. संध्याकाळी आईसमोर पुरावे मांडले. रजिस्टरमध्ये एन्ट्री नाही. चिठ्ठीवर "इरू" लिहिलंय, मला इरू फक्त घरचेच म्हणतात. टेलिस्कोपचा कागद आत्याच्या वाढदिवसाला वापरला तोच आहे, त्याचा उरलेला तुकडा तुझ्या कपाटात आहे, मी पाहिला. आणि शेवटी: "गार्डकाकांचा मुलगा वाईट वागतो का?"

चांगल्या मुलांनाच मिळतं, या वाक्यात काय भरलेलं असतं, ते सात वर्षांच्या पोरीने एका प्रश्नात उघडं केलं. मुलांना सांता सांगू नका असं मी पालकांना म्हणत नाही, पण लिस्टवाला सांता सांगू नका असं आता प्रत्येकाला म्हणते. टेलिस्कोप पगारावर येतो, वागणुकीवर नाही.

आईने सगळं खरं सांगितलं. टेलिस्कोप मी घेतला, चिठ्ठी मी लिहिली, तो मुलगा वाईट नाही. इरा रडली नाही. तिने किंमत विचारली. मग म्हणाली, "मग थँक्यू तुला म्हणायचं होतं ना? मी त्यालाच म्हणत बसले."

आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती मात्र रडत होती. 1994 चा अभ्यास आठवला, पण तिला ऐकवला नाही.

दुसऱ्या दिवशी इराने हे बाकावरच्या मैत्रिणीला सांगितलं आणि रात्री त्या मैत्रिणीच्या आईचा तावातावाने फोन आला. ते इराच्या आईने निस्तरलं. इराला एवढंच सांगितलं की तू शोधलंस, तिला तिचं शोधू दे.

आबाजींचं समाधान अर्धंच. त्यांच्या मते दोन महिने उगाच गेले. आजींच्या मते आबाजी रजिस्टर बघायला गेले तेव्हा सगळ्यात खूश तेच होते. एक गाठ सुटायची राहिली आहे, आणि ती माझ्या हातातली नाही. इरा आता आजीला विचारते, देवाला कुठून दिसतं. आजी म्हणतात, सगळीकडून. आबाजी पेपर उघडतात.

*

शेवटची भेट सप्टेंबरात झाली, तान्हा पोळा होऊन गेल्यावर. आईने महालातून आपला जुना बैल आणला होता, तुटक्या शिंगाला एम-सील लावलेला. बोजाऱ्याचे एकशे चाळीस रुपये जमले होते आणि त्यांचा हिशोब इराकडे होता. पाय धुतले का, विचारलं, तर म्हणाली, "चाकं आहेत त्याला. चाकं धुतली."

आई बाहेर पैसे देत होती. इरा ठोकळ्यांशी खेळता खेळता थांबली आणि वर कोपऱ्यात पाहिलं.

"इथे कॅमेरा आहे का?"

"नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली, भिंतीशी नेली, चढली. ट्यूबलाइटच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग कॅलेंडर उचलून पाहिलं. मग भिंतीवरचं घड्याळ थोडं बाजूला सरकवलं आणि डोकं आत घातलं.

"कॅमेरा नाही," ती आतूनच म्हणाली. "पाल आहे."